बेल्टच्या मागच्या टोकाला

पत्राचा सारांश: पत्रलेखक ४४ वर्षांचे आहेत. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड करून ते कोल्हापूर भागातल्या एका फाउंड्रीत मेंटेनन्सला लागले, त्याला २१ वर्षं झाली. साच्यांची वाळू तयार करणाऱ्या जुन्या सॅण्ड प्लांटचं रिले पॅनल त्यांनी आणि त्यांच्या उस्तादांनी मिळून वायर केलं होतं. दोन वर्षांपूर्वी कंपनीने तो प्लांट काढून नवा बसवला, सगळा पीएलसीवर, म्हणजे रिलेच्या वायरिंगऐवजी प्रोग्रामने मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवर. गेल्या महिन्यात नाइट शिफ्टला तीन नंबरचा बेल्ट सुरू व्हायचा, आठ-दहा सेकंद चालायचा आणि मागची लाइन घेऊन बंद पडायचा. यांनी ओव्हरलोड पाहिला, फ्यूज पाहिले, मोटरचा करंट मोजला. सगळं ठीक. तीन तास गेले. शेवटी २४ वर्षांच्या इंजिनिअर मुलाला घरून बोलावलं. त्याने लॅपटॉप जोडला, थोडं बघितलं, बेल्टच्या मागच्या टोकाला जाऊन आला आणि लाइन सुरू झाली. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाले, 'तुम्हाला नुसत्या वायरी ओढता येतात.'

आता त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत. पुण्यातला एक क्लास शनिवार-रविवारी तीन महिन्यांत पीएलसी शिकवतो, फी ६५ हजार, 'नोकरीची शंभर टक्के हमी'. तेवढेच पैसे मुलीच्या ॲडमिशनसाठी बाजूला ठेवलेले आहेत. दुसरी वाट एका जुन्या युनिटची. तिथे पीएलसी नाही, पगार महिना चार हजारांनी कमी. तिसरी म्हणजे मेहुण्याबरोबर मोटर रिवाइंडिंगचं दुकान. ते विचारतात, 'या वयात पीएलसी डोक्यात शिरेल का? स्क्रीनवर नेटवर्कचा फॉल्ट आला तरी माझे हातपाय गळतात. की माझी वेळ निघून गेली?'

नमस्कार दादा,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या रात्रीचं बोलणंच मनाला लागलं. एकवीस वर्षं ज्याने कारखाना चालता ठेवला, त्याला चारचौघांत असं बोलायला नको होतं. हे आधी सांगते, कारण पुढे मी तुम्हाला बरेच प्रश्न विचारणार आहे आणि त्यातून मी सुपरवायझरची बाजू घेतेय असं वाटू नये.

दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी एका वाक्याशी थांबले. तुम्ही ते सहज लिहून पुढे गेलात. 'बेल्टच्या मागच्या टोकाला जाऊन आला.'

बिघाड लॅपटॉपमध्ये असता तर त्या मुलाला खुर्चीवरून उठावंच लागलं नसतं. तो उठला, चालत टेल पुलीपर्यंत, म्हणजे बेल्टच्या मागच्या टोकाच्या चाकापर्यंत गेला, तिथे त्याने काहीतरी केलं आणि मग लाइन सुरू झाली. म्हणजे दुरुस्ती झाली ती फिल्डमध्ये. लॅपटॉपने त्याला कुठे जायचं तेवढं सांगितलं.

टेल पुलीपाशी काय असतं हे तुम्हाला ठाऊक आहे. नुसती मोटर फिरतेय की बेल्टही फिरतोय, हे कळायला तिथे झिरो स्पीडचा सेन्सर लावतात. पुलीवरचा पत्र्याचा किंवा बोल्टचा ठोका समोरून गेला की सेन्सर एक पल्स देतो. बेल्ट सुरू होताना पुली लगेच वेग घेत नाही, म्हणून पहिले काही सेकंद त्याच्याकडे बघायचं नाही, असा टायमर ठेवलेला असतो. टायमर संपला आणि पल्स येत नसले, की बेल्ट बंद. तो बंद म्हणजे त्याच्यावर वाळू टाकणारा मागचा बेल्टही बंद, नाहीतर वाळूचा ढीग होईल. आठ-दहा सेकंद चालायचं, मग सगळं थांबायचं आणि ओव्हरलोड मात्र ट्रिप नाही, ही लक्षणं मला तरी त्या टायमरचीच वाटतात. मी इथे बसून खात्री देऊ शकत नाही, पण मी असते तर पहिल्यांदा तिथेच गेले असते.

आता आठवून बघा, तुम्ही आणि उस्तादांनी वायर केलेल्या जुन्या पॅनलमध्ये पुढचा बेल्ट चालू झाल्याशिवाय मागचा चालू होत नव्हता ना? ते इंटरलॉक तुमच्याच हातचं होतं. कॉन्टॅक्टरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट पुढच्या कॉइलला सिरीजमध्ये, मध्ये टायमर, बाजूला होल्डिंग. नव्या प्लांटच्या पीएलसीत नेमकं हेच लिहिलेलं आहे, फक्त तांब्याच्या वायरीऐवजी स्क्रीनवर. म्हणून 'मला पीएलसी येत नाही' हे तुमचं म्हणणं मी जसंच्या तसं मान्य करणार नाही. तुम्हाला सॅण्ड प्लांटचं लॉजिक येतं. ते स्क्रीनवर वाचायची सवय नाही, एवढंच. या दोन गोष्टींत फार मोठा फरक आहे.

पीएलसी कुणासाठी जन्माला आला, हेही तुम्हाला माहीत असायला हवं. १९६८ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला, म्हणजे जिथे गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनायचे तिथे, एक त्रास होता. गाडीचं मॉडेल बदललं की रिले पॅनलं उसवून पुन्हा वायर करायची किंवा सरळ भंगारात टाकायची. त्यांनी मागणी काढली की वायर न बदलता लॉजिक बदलता येईल, कारखान्याच्या धुळीत आणि उष्णतेत टिकेल आणि कारखान्यातल्याच माणसांना सांभाळता येईल, असं काहीतरी द्या. डिक मोर्ले आणि त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्समधल्या सहकाऱ्यांनी ते बनवलं. तो त्यांचा ८४ वा प्रकल्प, म्हणून यंत्राचं नाव ०८४. कंपनीचं नाव पडलं मोडिकॉन. संगणकाची भाषा तेव्हाही होती, पण ती शिका असं इलेक्ट्रिशियनला सांगण्याऐवजी त्यांनी इलेक्ट्रिशियनचं रिले ड्रॉइंगच स्क्रीनवर आणलं. दोन उभ्या रेघा, मध्ये कॉन्टॅक्ट आणि कॉइल. शिडीसारखं दिसतं म्हणून लॅडर. तुमच्यासारख्या माणसाला वाचता यावं म्हणूनच ते तसं काढलेलं आहे, दादा. त्याला घाबरून तुम्ही बाजूला व्हावं, हे मला बघवत नाही.

माझी एक गोष्ट सांगते. मी २३ वर्षांची होते, कमिशनिंगचं, म्हणजे नवी यंत्रणा सुरू करून देण्याचं, माझं पहिलं मोठं काम, एक साखर कारखाना. हंगाम तोंडावर आलेला. ऊस आत नेणारा केन कॅरियर रात्रीतून पाच-सहा वेळा मध्येच थांबायचा आणि स्क्रीनवर यायचं, पुल कॉर्ड, म्हणजे आणीबाणीत ओढून कॅरियर थांबवायची दोरी. दोरी तर कुणी ओढलेली नसायची. मी पहाटेपर्यंत प्रोग्राम चाळत बसले. तिथले जुने वायरमन, त्यांना सगळे मामा म्हणायचे, मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, 'पोरी, कुठला दिवा जातोय तेवढा मला दाखव.' मी इनपुट कार्डावरचा तो बारीक हिरवा दिवा दाखवला. मामा स्टूल ओढून त्या दिव्यासमोर बसले. बिडी नाही, बोलणं नाही. अर्ध्या तासाने दिवा डोळा मिचकावल्यासारखा क्षणभर विझला. मामा म्हणाले, 'आत्ता गव्हाणीत मोळी पडली.' मला आवाजही जाणवला नव्हता. ते टॉर्च घेऊन कॅरियरच्या कडेने गेले आणि पुल कॉर्डचे स्विच एकेक उघडत गेले. तिसऱ्या स्विचमध्ये टर्मिनलचा स्क्रू ढिला होता. उसाची मोळी आदळली की सांगाडा हादरायचा आणि वायर क्षणभर सुटायची. मला इतक्या वर्षांनंतरही तो स्क्रू दिसतो.

त्या रात्री कुठला इनपुट जातोय हे मला कळलं होतं, का जातोय हे मामांना कळलं. तुमच्या कारखान्यात त्या मुलाला आज मामा हवे आहेत. तुम्ही ते होऊ शकता, पण त्यासाठी दिवा कुठे बघायचा हे शिकावं लागेल. तिथूनच सुरुवात करू.

पीएलसी आपल्या कार्डावर आलेले सगळे इनपुट एकदा वाचून घेतो, प्रोग्राम वरून खाली सोडवतो, आउटपुट लावतो आणि पुन्हा वाचायला लागतो. एक फेरी काही मिलिसेकंदांची. याहून जास्त थिअरी तुम्हाला पहिल्या महिन्यात लागणार नाही. लागतील ते तीन ठिकाणचे दिवे. सेन्सरवर दिवा असतो, इनपुट कार्डावर त्या चॅनलचा दिवा असतो आणि आउटपुट कार्डावर असतो. सेन्सरचा दिवा लागतोय, पण कार्डाचा लागत नाही, तर मधली वायर, जंक्शन बॉक्स किंवा २४ व्होल्टची सप्लाय बघा. आउटपुटचा दिवा लागतोय, पण कॉन्टॅक्टर ओढत नाही, तर इंटरफेस रिले, फ्यूज, ओव्हरलोडचा कॉन्टॅक्ट आणि कॉइल बघा. ते तर तुमचंच राज्य. इनपुट सगळे ठीक आहेत आणि आउटपुटचा दिवाच येत नाही, तेव्हाच लॅपटॉप लागतो. कुठल्या अटीसाठी प्रोग्राम अडून बसलाय, हे तो दाखवतो. माझ्या कामाच्या वर्षांत मी जे ब्रेकडाउन पाहिले, त्यांतले बहुतेक कार्डाच्या बाहेरचे होते. चालत्या प्लांटचा प्रोग्राम आपोआप बदलत नाही. वाळू, पाणी, उंदीर आणि हादरे मात्र रोज काम करत असतात.

लॅडर वाचायला बसाल तेव्हा एका ठिकाणी हमखास अडाल. सगळे जुने इलेक्ट्रिशियन तिथे अडतात, म्हणून आधीच सांगते. फिल्डमध्ये स्टॉप बटण एनसी असतं, म्हणजे न दाबता जोडलेलं. लॅडरमध्ये तेच स्टॉप एनओ, म्हणजे एरवी उघड्या असणाऱ्या, कॉन्टॅक्टसारखं काढलेलं दिसेल. बघितल्यावर वाटतं, हे उलटं लिहिलंय, मशीन चालेल कसं? पण लॅडरमधला कॉन्टॅक्ट म्हणजे ते बटण नाही. 'या इनपुटवर २४ व्होल्ट आलेत का?' एवढा तो प्रश्न आहे. बटण दाबलेलं नसतं तेव्हा एनसीमधून व्होल्टेज येत असतं, उत्तर 'हो', कॉन्टॅक्ट लागलेला. बटण दाबलं किंवा वायर तुटली, की व्होल्टेज गेलं, मशीन थांबलं. तुम्ही रिले पॅनलमध्ये स्टॉपला एनसी ज्या कारणासाठी वापरत होता, तेच कारण. हे एकदा कागदावर स्वतः काढून बघा. ही गाठ सुटली की अर्धा लॅडर वाचता येतो.

असाच चार ते वीस मिलिअँपचा सिग्नल. प्रेशर ट्रान्समीटर शून्य ते दहा बारचा असेल तर चार म्हणजे शून्य बार, वीस म्हणजे दहा, बारा म्हणजे पाच. शून्यापासून का सुरू केला नाही? कारण शून्य मिलिअँप दिसले की समजायचं, प्रेशर गेलेलं नाही, वायर गेलेली आहे. हेही मल्टिमीटरने मोजता येतं.

आता तुमच्या नेटवर्कच्या भीतीकडे येते. स्क्रीनवर लाल अक्षरांत 'कम्युनिकेशन फॉल्ट' आला की वाटतं, हे आपल्या हाताबाहेरचं. तुम्ही लिहिलंय की तुमचे ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग बदलणारी यंत्रं, मॉडबसवर आहेत आणि मिक्सरजवळचं छोटं पॅनल इथरनेटच्या केबलवर. चांगलं झालं, दोन्ही प्रकार घरातच आहेत.

मॉडबस म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत. तो १९७९ चा आहे, त्याच मोडिकॉनने काढलेला. तुमच्याकडे तो आरएस-४८५ वर चालत असणार, म्हणजे ए आणि बी अशा दोन पिळलेल्या वायरी, एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. मध्येच फांद्या फोडायच्या नाहीत. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर लागतो, नाहीतर सिग्नल टोकावर आपटून परत येतो. आता प्लांट बंद असताना वीज काढून ए आणि बी मध्ये मल्टिमीटर लावा. साधारण ६० ओहम आले तर दोन्ही टोकं जागेवर आहेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर निघालाय किंवा मध्ये वायर तुटलीय. ४० आले तर कुणीतरी मधल्याच ड्राइव्हचा रेझिस्टर चालू करून ठेवलाय, बरेचदा त्यासाठी ड्राइव्हवर छोटा स्विच असतो. बघा, नेटवर्कचा फॉल्ट तुमच्याच मीटरवर मोजता आला. सिग्नलची केबल मोटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून ओढलेली असेल, तर तेही बघून ठेवा. ड्राइव्ह वेगात आला की मध्येच कम्युनिकेशन जाणं हा बरेचदा त्यातूनच येणारा त्रास असतो. केबल कशी ओढायची हे तुमच्या एकवीस वर्षांना विचारा, त्या मुलाला नको.

इथरनेटमध्ये प्रत्येक यंत्राला चार आकड्यांचा पत्ता असतो, १९२.१६८.०.५ असा. तुमच्यासारख्या छोट्या प्लांटमध्ये बहुधा पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे असतात, शेवटचा वेगळा. गल्ली एक, घर वेगळं. दोघांना एकच पत्ता दिला की भांडण ठरलेलं. नवा ड्राइव्ह किंवा नवी स्क्रीन बसवल्यावर त्रास सुरू झाला असेल तर पहिली शंका तीच. तांब्याची केबल एका स्विचपासून दुसऱ्यापर्यंत १०० मीटरच्या आतच हवी. कनेक्टरशेजारचा लिंकचा दिवा लागतोय का हेही बघा, फाउंड्रीत ते प्लास्टिकचे कनेक्टर हादऱ्याने सैल होतात आणि आत वाळू बसते. प्रोफिनेट (इथरनेटवर चालणारी कारखान्यातली नेटवर्क पद्धत) असेल तर नव्या मॉड्यूलला बहुतेक वेळा पत्त्याबरोबर नावही द्यावं लागतं, तिथे त्या मुलाची मदत घ्या. सगळे पत्ते एका कागदावर लिहून पॅनलच्या दाराला आतून चिकटवा. बऱ्याच कारखान्यांत हा कागद नसतो आणि रात्री दोन वाजता त्याची किंमत कळते.

आता तुमच्या तीन वाटा.

क्लासला मी वाईट म्हणणार नाही. पण 'शंभर टक्के हमी' असं कुणी म्हणालं की ते लेखी मागा. नोकरी नाही लागली तर फी परत देणार का, हे विचारा. एका किटवर किती जण बसतात? मुद्दाम वायर काढून, सेन्सर बिघडवून फॉल्ट शोधायला लावतात का? की नुसते ट्रॅफिक सिग्नल आणि लिफ्टचे प्रोग्राम करून घेतात? तुमच्या प्लांटमध्ये ज्या कंपनीचा पीएलसी आहे तोच शिकवतात का? या प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली नाहीत तर ६५ हजार देऊ नका. खरं सांगायचं तर मिळाली तरी आत्ता देऊ नका. ते पैसे मुलीच्या ॲडमिशनचे आहेत, तिचं वर्ष थांबणार नाही. तुम्हाला आत्ता जे शिकायचंय त्याला जवळजवळ पैसे लागत नाहीत. कोडसिस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात पीएलसी नसतानाही प्रोग्राम चालवून बघता येतो. डेल्टाच्या छोट्या पीएलसीचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. मुलीचा किंवा भाच्याचा जुना लॅपटॉप पुरेल. तुमच्या जुन्या सॅण्ड प्लांटचं तीन बेल्टचं इंटरलॉक त्यात काढा, हाच तुमचा पहिला धडा. तीन महिने असं केल्यावर क्लास हवासा वाटला तर कंपनीकडे मागा, घरच्या पैशांतून नको. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या सरकारी संस्थेतही ऑटोमेशन शिकवतात. त्यांच्या छोट्या अभ्यासक्रमांची चौकशी करून साहेबांपुढे कागद ठेवता येईल.

इंग्रजीची काळजी तुम्ही लिहिलीय. सॉफ्टवेअर इंग्रजीतच असतं, हे खरं. पण कॉन्टॅक्टर, इंटरलॉक, ओव्हरलोड, टायमर हे शब्द तुम्ही रोज बोलता. नवे शब्द तीस-चाळीस लागतील. खिशात डायरी ठेवा, दिसेल तो शब्द आणि पुढे आपल्या भाषेत अर्थ.

जुन्या युनिटमध्ये जाणं हा गुन्हा नाही. घराजवळ असेल, तब्येतीला सोपं असेल तर जरूर विचार करा. पण पीएलसी टाळायला म्हणून महिना चार हजार सोडणार असाल, तर ते युनिट अजून किती वर्षं रिलेवर चालणार आहे, हे त्यांच्या मालकाला विचारून घ्या. नवं मशीन कधीतरी घ्यावंच लागतं आणि ते कंट्रोलर घेऊनच येतं. तेव्हा तुम्ही ५० चे असाल आणि हीच भीती पुन्हा समोर येईल, पगार मात्र कमी झालेला असेल.

रिवाइंडिंगच्या दुकानाबद्दल मला जास्त बोलायचं नाही. धंदा चांगला आहे, मोटरी जळायच्या थांबणार नाहीत. मेहुण्याकडे बांधलेली गिऱ्हाइकं किती, जागेचं भाडं किती, उधारी किती अडकते, यावर तो निर्णय घ्या. सुपरवायझरच्या एका वाक्यावर घेऊ नका.

त्या मुलाशी बोलणं हेच तुम्हाला सगळ्यांत जड जाईल, असं पत्रावरून वाटतं. तो तुम्हाला काका म्हणतो, असं तुम्हीच लिहिलंय. मग एवढंच म्हणा, 'अरे, त्या रात्री लॅपटॉपवर तू नेमकं काय बघितलंस ते मला एकदा निवांतपणी दाखव.' त्यात कमीपणा नाही. त्याच्या बाजूनेही बघा. तो २४ वर्षांचा आहे, रात्री-अपरात्री घरून बोलावणं येतं आणि ४१५ व्होल्टच्या पॅनलपुढे उभं राहताना त्याच्याही पोटात गोळा येत असणार. त्याला स्टार-डेल्टाचा कॉन्टॅक्टर का चिकटतो, मेगरचं, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरचं, रीडिंग कसं समजायचं, अर्थिंग कुठे बघायचं हे तुम्ही दाखवा. आठवड्यातून एक तास तुमचा, एक तास त्याचा. मी स्वतः मामांकडून असंच शिकले.

आणि साहेबांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, तीन मागण्या घेऊन जा. इनपुट-आउटपुटची यादी आणि ड्रॉइंग छापून पॅनलमध्ये ठेवा. नाइट शिफ्टला लॅपटॉप द्या, प्रोग्राम नुसता बघण्यापुरता. आणि प्रोग्रामचा बॅकअप कंपनीकडे आहे का ते तपासा. त्या रात्रीचे तीन तास तुमच्या वयाने खाल्ले नाहीत. ड्रॉइंग कपाटात आणि लॅपटॉप त्या मुलाच्या घरी होता, त्याने खाल्ले.

हे वाचणाऱ्या कारखानदारांनाही एक विनंती. मशीन घेतानाच प्रोग्रामची कॉपी आणि पासवर्ड लेखी मागून घ्या. नाहीतर कार्ड जळाल्यावर पॅनल बनवणाऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. आणि मोबाइलवर प्लांट दिसावा म्हणून कुणी पॅनलमध्ये राउटर बसवून देत असेल, तर तो कोण उघडू शकतो हे आधी विचारा. ऑफिसचं आणि मशीनचं नेटवर्क वेगळं ठेवा, सापडेल तो पेन ड्राइव्ह लावू देऊ नका. इराणच्या नतांझमधल्या सेंट्रिफ्यूजना बिघडवणारा स्टक्सनेट २०१० मध्ये उघड झाला. तो पेन ड्राइव्हवरून पसरू शकत होता आणि मोटरींचा वेग बदलत असताना ऑपरेटरला स्क्रीनवर सगळं ठीक दाखवत होता. आपल्या फाउंड्रीवर कुणी असा हल्ला करणार नाही, पण साध्या व्हायरसनेही शिफ्ट बुडते.

आयटीआयची जी मुलं हे वाचतायत, त्यांना उलटं सांगते. सॉफ्टवेअरच्या मागे लागून वायरिंगची प्रॅक्टिकलं बुडवू नका. फेरूल लावणं, लग नीट क्रिंप करणं, ड्रॉइंगवरून पॅनल वाचणं हे हातात बसलं नाही, तर लॅपटॉप तुम्हाला बरोबर इनपुट दाखवेल आणि तुम्ही नुसतेच बघत राहाल.

दादा, तीन महिन्यांत तुम्ही प्रोग्रामर होणार नाही, हेही मोकळेपणाने सांगते. नवा प्रोग्राम लिहिणं, पीआयडी (तापमान-दाबासारखं माप ठरल्या जागी धरून ठेवणारं नियंत्रण) लावणं, नेटवर्क पहिल्यापासून उभं करणं याला वेळ लागतो आणि बारा तासांच्या ड्यूटीनंतर डोळे साथ देत नाहीत. पण रात्री दोन वाजता बंद पडलेला बेल्ट सुरू करायला ते लागतही नाही.

एक गोष्ट मात्र शपथ घेतल्यासारखी पाळा. लॅपटॉपवर फोर्स नावाची सोय असते, इनपुट नसताना तो आहे असं पीएलसीला भासवता येतं. प्रॉडक्शनवाले घाई करतील, 'सेन्सर बायपास करा, सकाळी बघू' म्हणतील. झिरो स्पीड बायपास केलेला बेल्ट अडकला तर ड्रम खाली घासत राहतो, बेल्ट तापतो, पेटूही शकतो. इमर्जन्सी स्टॉप आणि गार्डच्या स्विचला तर हात लावायचाच नाही. कुणी वरचा सांगत असेल तर लेखी मागा.

येत्या साप्ताहिक सुट्टीला प्लांट बंद असेल तेव्हा तीन नंबरच्या टेल पुलीपाशी जा. आयसोलेटर बंद, कुलूप, किल्ली तुमच्या खिशात, मगच हात घाला. माझा अंदाज असा आहे की परत येणाऱ्या वाळूतला लोखंडाचा कीस त्या सेन्सरच्या तोंडावर बसतो आणि पुली फिरत असली तरी त्याला सतत लोखंडच दिसतं. मग त्याचा दिवा लुकलुकायचा थांबून नुसता लागलेला राहतो. पुसला की सुरू, महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तेच. सेन्सर साफ करा, पुलीवरच्या ठोक्यापासूनचं अंतर त्याच्या लेबलवर दिलेल्या मर्यादेत आहे का ते मोजा आणि वरून पत्र्याचं एक छोटं छप्पर करून बसवा, वाळू थेट तोंडावर पडणार नाही असं. मग सुरू केल्यावर पॅनलमध्ये इनपुट कार्डासमोर उभे राहा. बेल्ट फिरत असताना त्यातला एक दिवा ठोक्या-ठोक्याने लुकलुकताना दिसेल. त्या चॅनलचा नंबर डायरीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मलाही कळवा.